शेव्हेलचा पुढचा डिस्क ब्रेक: जुना कॅलिपर खोलून पुन्हा बांधताना

साठच्या दशकात डेट्रॉईटच्या कंपन्यांनी मध्यम आकाराच्या गाड्यांत मोठाली व्ही-८ इंजिनं बसवायला सुरुवात केली. त्या गाड्या थांबवायला मात्र बरीच वर्षं चारही चाकांवर ड्रमच होते आणि पुढचे डिस्क ब्रेक जादा पैसे मोजले तर मिळत. १९६९ पासून शेव्हरोलेच्या शेव्हेल आणि कमॅरो या गाड्यांवर जनरल मोटर्सने आपल्याच डेल्को मोरेन विभागाचा, एका पिस्टनचा, सरकता कॅलिपर (फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅड दाबणारा भाग) दिला. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि घरच्या गॅरेजमध्ये शनिवार-रविवार जुन्या गाडीसोबत घालवणाऱ्या आपल्या मंडळींच्या हाती बहुधा हाच कॅलिपर येतो. तो साधा आहे, ओतीव लोखंडाचा, दणकट आहे आणि घरी नीट खोलून पुन्हा बांधता येतो. हा लेख १९६९ ते १९७२ च्या शेव्हेलचा हाच कॅलिपर डोळ्यांसमोर ठेवून लिहिला आहे.

बाजारात तयार, रंगवलेला कॅलिपर स्वस्तात मिळतो, मग ही खटपट कशाला, असं कोणीही विचारेल. पण त्या तयार मालात आत काय साफ केलंय आणि काय तसंच ठेवलंय ते आपल्याला दिसत नाही. शिवाय जुना कॅलिपर देऊन नवा घेतला की गाडीबरोबर कारखान्यातून आलेला भाग कायमचा जातो. ब्रेकच्या कामात मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेल्या खाचेवर जास्त विश्वास वाटतो.

आधी सील कुठे बसतं ते बघा

पैसे खर्च करण्याआधी एकच गोष्ट समजून घ्यायची: ब्रेक ऑइल अडवणारं रबर कॅलिपरच्या खाचेत बसतं की पिस्टनवर?

शेव्हेलच्या या कॅलिपरमध्ये सील चौकोनी काटछेदाचं असतं आणि ते कॅलिपरच्या आत कोरलेल्या खाचेत बसतं. पिस्टन त्याच्यातून आत-बाहेर सरकतो. म्हणजे ऑइल अडतं ते पिस्टनच्या गुळगुळीत अंगावर. आतल्या भोकाच्या, म्हणजे बोअरच्या भिंतीवर थोडाफार गंज धरला असला तरी बिघडत नाही. खाच स्वच्छ हवी आणि पिस्टनवर एकही ओरखडा नको.

शेव्हरोलेच्याच कॉर्व्हेटवर १९६५ ते १९८२ पर्यंत आलेला आणि १९६७-६८ च्या कमॅरोवरही दिसणारा चार पिस्टनचा कॅलिपर याच्या अगदी उलट आहे. तिथे सील पिस्टनवर असतं आणि ते बोअरच्या भिंतीवर घासतं. भिंतीला गंजाचे बारीक खड्डे पडले की कितीही नवं सील घाला, गळती होतेच. म्हणून त्या कॅलिपरमध्ये लेथवर बोअर मोठं करून स्टेनलेस स्टीलची बाही बसवून घेतात. ते काम यंत्रशाळेचं आहे. तुमच्या हातात चार पिस्टनचा कॅलिपर असेल तर पुढचं वाचा, पण बोअरचा निर्णय आधी घ्या.

चौकोनी सीलचं आणखी एक काम आहे. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि सील खाचेत किंचित पिळलं जातं. पाय काढला की ते पूर्वपदावर येतं आणि पिस्टनला मिलिमीटरच्या अंशाएवढं मागे ओढतं. डिस्क मोकळी फिरते ती एवढ्याशा हालचालीमुळे. इथे वेगळी रिटर्न स्प्रिंग नसते. सील कडक झालं किंवा खाचेत गंज साठून ते आत ढकललं गेलं की पिस्टन मागे येत नाही, पॅड घासत राहतो, चाक तापतं आणि गाडी एका बाजूला ओढते.

कॅलिपर उतरवणं

गाडी सपाट जागी उभी करा, मागच्या चाकांना ओंडके लावा, पुढून जॅकवर उचला आणि फ्रेमखाली स्टँड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही हात आत घालू नये.

चाक काढल्यावर समोर जी काळी भुकटी दिसते ती हवेने उडवू नका आणि कोरड्या ब्रशने झाडू नका. त्या काळच्या ब्रेक पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असे आणि आत नेमके कुठले पॅड आहेत हे बघून कळत नाही. ब्रेक क्लीनरने किंवा साबणाच्या पाण्याने ओलं करा, पुसा आणि ती चिंधी पिशवीत बांधून टाका. मास्क लावाच.

आता, कॅलिपर गाडीवर पक्का बसलेला असतानाच, ब्लीडर निपल, म्हणजे ब्रेकमधली हवा काढायचा छोटा पोकळ स्क्रू, सैल करून बघा. पन्नास वर्षं एका जागी बसलेला निपल टेबलावर सोडवणं फार अवघड जातं. आदल्या दिवशीपासून गंज सोडवणारं तेल मुरू द्या. सहा कोनी सॉकेट घ्या, कारण बारा कोनी सॉकेट डोकं गोल करतो. निपलच्या डोक्यावर हातोडीने हलके ठोके मारा आणि मग आधी घट्ट करण्याच्या दिशेने किंचित जोर लावा. हललं की पुढे-मागे करत सोडवा. तरीही हललं नाही तर कॅलिपर उतरवून, रबर काढून टाकल्यावर निपलच्या भोवतीचं लोखंड गरम करून बघता येतं. तापवण्यापूर्वी ब्रेक क्लीनरचा मागमूस राहू देऊ नका. क्लोरीनयुक्त क्लीनर तापला की फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो.

मास्टर सिलिंडर, म्हणजे पेडल दाबल्यावर ऑइल चाकांकडे ढकलणारा भाग, त्यातल्या पुढच्या ब्रेकच्या कप्प्यातलं सुमारे दोन-तृतीयांश ऑइल पिचकारीने काढून घ्या. या गाड्यांत डिस्कचा कप्पा ड्रमच्या कप्प्यापेक्षा मोठा असतो. मग होज, म्हणजे ऑइलची रबरी नळी, कॅलिपरला जोडणारा पोकळ बोल्ट सैल होतो ना ते बघून पुन्हा घट्ट करा, काढू नका. कॅलिपरचे मागचे दोन बोल्ट काढले की कॅलिपर डिस्कवरून उचलला जातो. पॅड अडकत असतील तर मोठ्या सी-क्लॅम्पने पिस्टन थोडा मागे दाबा. कॅलिपर होजवर लोंबकळू देऊ नका. तारेने सस्पेन्शनला बांधून ठेवा.

पिस्टन बाहेर काढणं

हात दुखावतात ते याच टप्प्यावर. पद्धती तीन आहेत आणि मी त्या पसंतीच्या क्रमाने देतो.

सर्वांत चांगली पद्धत म्हणजे गाडीच्याच ब्रेक पेडलने पिस्टन ढकलणं. होज जोडलेला असतानाच पॅड काढा, पिस्टनसमोर लाकडाचा ठोकळा ठेवा, खाली ट्रे ठेवा आणि कोणाला तरी पेडल सावकाश दाबायला सांगा. द्रवाचा दाब मोठा असतो पण द्रव हवेसारखा फुगत नाही. त्यामुळे पिस्टन शांतपणे सरकत येतो. दोन्ही बाजूंचे पिस्टन काढायचे असतील तर एक अगदी काठावर आणून थांबवा, त्याला क्लॅम्पने धरा आणि मग दुसरा काढा. एक पूर्ण निघाला की दुसऱ्यासाठी दाबच उरत नाही.

कॅलिपर आधीच टेबलावर असेल तर ग्रीसगन वापरता येते. होजच्या भोकात योग्य जोडणी लावा, ब्लीडर बंद करा आणि ग्रीस भरत जा. कितीही अडकलेला पिस्टन निघतो. नंतर सगळं ग्रीस कणाकणाने साफ करावं लागतं, कारण खनिज तेलाचा अंश नव्या सीलला फुगवतो. पण कॅलिपर वाचतो.

तिसरी पद्धत कम्प्रेसरच्या हवेची. बहुतेक लोक हीच वापरतात, म्हणून तिच्यातला धोका आकड्यांत सांगतो. या पिस्टनचा व्यास २ १५/१६ इंच, म्हणजे सुमारे ७४.६ मिलिमीटर आहे. क्षेत्रफळ जवळजवळ ६.८ चौरस इंच. कम्प्रेसरचा दाब १०० पीएसआय (चौरस इंचाला १०० पौंड) असेल तर पिस्टनवर ६८० पौंड, म्हणजे ३०० किलोच्या आसपास जोर येतो. ३० पीएसआयलाही ९० किलोच्या वर. एवढ्या जोराने सुटलेल्या पिस्टनपुढे बोट असलं तर काय होईल ते वेगळं सांगायला नको. म्हणून पोकळीत जाड लाकूड आणि घडी केलेली चिंधी ठेवा, पिस्टनचं तोंड स्वतःकडे ठेवू नका, दाब सर्वांत कमी ठेवून थोडी थोडी हवा सोडा. पिस्टन धरायला हात पुढे करायचा नाही, कोणत्याही परिस्थितीत.

पिस्टनच्या बाहेरच्या अंगाला पक्कड लावू नका. पक्कडीच्या दाताची एक खूण पडली तरी तो पिस्टन बाद.

खाच

डस्ट बूट, म्हणजे पिस्टनच्या तोंडाभोवतीचं धूळ अडवणारं रबर, स्क्रू ड्रायव्हरने उचकटून काढा. तो जाणारच आहे, पण तो जिथे बसतो त्या कडेला ओरखडा पडू देऊ नका. मग सील काढा. यासाठी बांबूची किंवा प्लास्टिकची टोकदार काडी घ्या. लोखंडी टोचा खाचेच्या तळाला रेघ पाडतो आणि ऑइल त्या रेघेतून वाट काढतं.

सील निघाल्यावर खाचेत विजेरीचा उजेड टाका. वरवर ती स्वच्छच वाटते. काडीचं टोक कोपऱ्यातून फिरवलं की मात्र तपकिरी चिकट थर निघतो आणि त्याच्याखाली गंजाचे कडक पोपडे लागतात, विशेषतः खाचेच्या बाहेरच्या कडेला, जिथे बूट फाटून पाणी आत गेलेलं असतं. कॅलिपर अडकण्याचं कारण बऱ्याचदा हेच असतं. हा थर ब्रेक क्लीनरने भिजवा, काडीने खरवडा, पुसा, पुन्हा भिजवा. कापसाची काडी संपूर्ण खाचेतून एक फेरा मारून पांढरीच बाहेर आली की थांबा. निम्मं काम मी या खाचेतच मानतो आणि यात घाई करणाऱ्यांचे कॅलिपर वर्षभरात पुन्हा अडकतात.

बोअरच्या भिंतीवरचा हलका गंज क्रोकस क्लॉथ या अगदी बारीक कापडी पेपरने, बोटाने गोल फिरवत काढा. साधा एमरी पेपर वापरू नका. डाग उरला तरी चालेल. खाचेतच खोल खड्डे पडले असतील तर मात्र कॅलिपर टाकून द्यावा.

पिस्टनसाठी नियम कडक आहे. तो पोलादाचा, वर क्रोमचा मुलामा असलेला असतो. नख फिरवून बघा. नख कुठे अडकलं, मुलामा उडाला किंवा काळे ठिपके दिसले तर नवा पिस्टन घ्या. पेपर मारून चकचकीत करायचा मोह टाळा, कारण त्याने मुलामाच जातो. सील आणि बुटाचं किट मागवताना नवे पिस्टनही सोबत मागवणं शहाणपणाचं. स्टेनलेसचे पिस्टन मिळतात आणि दमट हवेत राहणाऱ्यांनी तेच घ्यावेत.

धुण्याबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये सुटे भाग पेट्रोल किंवा रॉकेलमध्ये धुण्याची जुनी सवय आहे. इंजिनाच्या भागांसाठी ती ठीक, पण ब्रेकच्या रबराजवळ पेट्रोल, रॉकेल, डिझेल यांतलं काहीही नको. नव्या किटमधलं सील बहुधा ईपीडीएम रबराचं असतं. त्याला खनिज तेल लागलं की ते फुगतं आणि मऊ पडतं. ब्रेक क्लीनर किंवा डिनेचर्ड अल्कोहोल वापरा. शेवटी कोरड्या हवेने ऑइलची आतली वाट आणि ब्लीडरचं भोक फुंकून काढा.

कॅलिपर रंगवायचा असेल तर आत्ताच, रबर बसवण्याआधी. बोअर, खाच, होजची बैठक, बोल्टचे कान आणि पॅड टेकण्याच्या जागा झाकून घ्या. उष्णता सोसणारा कॅलिपरचाच रंग घ्या.

पुन्हा बांधणी

हात धुवा. टेबलावर स्वच्छ, धागे न सोडणारं कापड अंथरा. ब्रेक ऑइलची नवी, सीलबंद बाटली फोडा.

नवं सील त्या ऑइलमध्ये बुडवून खाचेत बसवा. बोट फिरवून ते कुठे पिळलं नाही ना, हे बघा. बोअरलाही ऑइल लावा. नवा डस्ट बूट पिस्टनच्या खाचेत अडकवा, त्याची घडी पिस्टनच्या उघड्या तोंडाकडे असायला हवी. मग पिस्टन सरळ धरून, दोन्ही अंगठ्यांनी, सील जागेवरून न हलवता आत दाबा. सुरुवातीला जोर लागतो. तिरका गेला तर ठोकू नका, बाहेर काढून पुन्हा सरळ धरा. नीट गेलेला पिस्टन एकसारख्या दाबाने तळाशी टेकतो.

बुटाची बाहेरची कडी धातूची असते आणि ती कॅलिपरच्या कोरलेल्या कडेत ठोकून बसवतात. यासाठी गोल ड्रायव्हर मिळतो. नसेल तर त्या व्यासाचा पाइपचा तुकडा चालतो. कडी सगळीकडून सारखी, कॅलिपरच्या पृष्ठभागाच्या खाली गेली पाहिजे. एका बाजूला जरी वर राहिली तरी तिथून पाणी शिरणार आणि खाचेत पुन्हा गंज धरणार.

आता कॅलिपरचे कान. चारही कानांतले रबरी बुश आणि आतल्या बाजूच्या दोन कानांतल्या धातूच्या नळ्या, सगळं नवं घाला. कॅलिपर याच नळ्यांवरून सरकतो. त्या गंजल्या तर पिस्टन कितीही चांगला असला तरी आतला पॅड लवकर झिजतो आणि बाहेरचा तसाच राहतो. जुन्या पॅडची झीज बघितली तर हा दोष आधीच कळतो. नळ्यांना आणि बुशांना ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावा, चाकाच्या बेअरिंगचं नव्हे. नळीचं पॅडच्या बाजूचं टोक कानाच्या पृष्ठभागाशी अगदी समपातळीत ठेवा.

गाडीवर चढवताना

डिस्क ११ इंची, सुमारे एक इंच जाड असते. ०.९६५ इंचाखाली गेलेली डिस्क वापरायची नाही. डायल गेज असेल तर फिरताना डिस्क किती डोलते तेही मोजून घ्या.

रबरी होज जुना असेल तर बदलाच. जुना होज आतून सुजून बंद होतो. पेडलच्या जोराने ऑइल पुढे जातं पण परत येत नाही, आणि दोष मात्र कॅलिपरवर येतो. होज कधीही पक्कडीने चिमटून ठेवू नका, त्यानेच आतला थर फाटतो.

आतल्या पॅडची स्प्रिंग पॅडला अडकवून तिचे पाय पिस्टनच्या पोकळीत बसवा. बाहेरचा पॅड कॅलिपरमध्ये ठेवा आणि कॅलिपर डिस्कवर आणा. इथे थांबून बघा, ब्लीडर वरच्या बाजूला आहे ना? डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल झाला तरी जागेवर व्यवस्थित बसतो, फक्त ब्लीडर खाली जातो. हवा वर अडकून राहते आणि मग दिवसभर पंप केलं तरी पेडल मऊच लागतं.

बोल्ट आतल्या पॅडच्या कानांखालून गेले पाहिजेत. ते ३५ फूट-पौंड, म्हणजे सुमारे ४७ न्यूटन-मीटरपर्यंत आवळा. होजच्या बोल्टला दोन्ही बाजूंना नवे तांब्याचे वॉशर लावा. जुने वॉशर एकदा दबलेले असतात, त्यांच्यावर भरवसा नको. चाक डावी-उजवीकडे पूर्ण वळवून होज कुठे घासत किंवा ताणत नाही ना, तेही पाहा. पेडल दोन-चारदा दाबून पॅड डिस्कला टेकले की बाहेरच्या पॅडचे वरचे कान मोठ्या पक्कडीने कॅलिपरवर दाबून घट्ट करा. हे राहून गेलं की खडखड आवाज येत राहतो.

ऑइल आणि हवा काढणं

डॉट म्हणजे अमेरिकेच्या परिवहन खात्याने ठरवलेली ब्रेक ऑइलची प्रत. डॉट ३ आणि डॉट ४ ही ग्लायकॉलची ऑइल. ती हवेतली वाफ शोषतात. डॉट ३ चा कोरडा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सियस, पाणी मुरल्यावर १४० पर्यंत उतरलेला चालतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. दोन्ही ऑइल रंग खातात, म्हणून फेंडरवर थेंब पडला तर लगेच भरपूर पाणी ओता.

डॉट ५ सिलिकॉनचं आहे. ते पाणी शोषत नाही, रंगाला धक्का लावत नाही, त्यामुळे वर्षभर झाकून ठेवलेल्या गाड्यांचे मालक त्याच्याकडे वळतात. पण त्यात हवेचे बुडबुडे अडकून राहतात, पेडल किंचित मऊ लागतं आणि ग्लायकॉलच्या ऑइलमध्ये ते मिसळायचं नाही. ते घालायचं तर संपूर्ण यंत्रणा नव्या रबरांसह कोरडी करूनच. डॉट ५.१ नावाने जवळचं असलं तरी ते ग्लायकॉलचंच आहे. चालवायच्या गाडीसाठी माझी निवड डॉट ४, दर दोन वर्षांनी बदलून.

हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून लांबच्या चाकाने सुरुवात करा: मागचं उजवं, मागचं डावं, पुढचं उजवं, पुढचं डावं. ब्लीडरला पारदर्शक नळी लावा, तिचं दुसरं टोक ऑइलच्या बाटलीत बुडवा. पेडल सावकाश दाबून धरा, ब्लीडर पाव फेरा उघडा, बंद करा, मगच पेडल सोडा. मास्टर सिलिंडरमधली पातळी दर थोड्या वेळाने बघा, नाहीतर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. प्रेशर ब्लीडरने काम करत असाल तर पुढच्या ब्रेकच्या मीटरिंग व्हॉल्व्हची पिन उघडी धरून ठेवावी लागते, एरवी तो व्हॉल्व्ह कमी दाबाला पुढचं ऑइल अडवतो.

ज्यांनी ड्रमच्या गाडीवर डिस्क बसवले आहेत त्यांनी मास्टर सिलिंडरच्या पुढच्या वाटेत ड्रमचा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह राहिलेला नाही ना, ते तपासावं. तो राहिला तर उत्तम बांधलेला कॅलिपरही घासत राहतो.

सगळं झाल्यावर पेडल जोराने दाबून मिनिटभर धरून ठेवा आणि होजची बैठक, ब्लीडर, बूट कोरड्या पांढऱ्या कागदाने टिपून बघा. मग चाक हाताने फिरवा. पॅडचा हलका स्पर्श जाणवला तर चालेल, चाक अडलं तर नाही. पहिली चक्कर मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात. ताशी ५० किलोमीटरवरून हलका ब्रेक लावत वेग कमी करा, मध्ये डिस्क निवू द्या आणि हे पुन्हा पुन्हा करा, म्हणजे नवे पॅड डिस्कशी जुळतात. घरी आल्यावर दोन्ही चाकांच्या रिमजवळ हात नेऊन बघा, स्पर्श करू नका. एक बाजू दुसरीपेक्षा स्पष्टपणे जास्त तापली असेल तर त्या बाजूचा होज आणि कानांतल्या नळ्या आधी तपासा, पिस्टन नंतर. आठवडाभराने बोल्टचा टॉर्क आणि ऑइलची पातळी पुन्हा बघून घ्या.